परातीतल्या पाण्याला सगळं ठाऊक

"गिरिधर! नरखेडकडचा गिरिधर कोण आहे? पुढे ये."

सभागृहात चुळबुळ झाली. मधल्या रांगेतून उन्हानं रापलेला, पांढऱ्या शर्टातला एक माणूस लगबगीनं उठला आणि व्यासपीठाकडे निघाला. तो पायरीशी पोचतो न पोचतो तोच तिथला पितळी दिवा आपोआप लागला. काडी नाही, बटण नाही, जवळपास चिटपाखरू नाही. सगळ्या सभागृहाच्या तोंडून एकदम "हाऽऽ" निघालं.

व्यासपीठावर स्पंदन गुरुजी मांडी घालून बसले होते. पांढरा झब्बा, विंचरलेली पांढरी दाढी, बिनफ्रेमचा चष्मा. समोर चौरंगावर भलीमोठी पितळी परात आणि परातीत काठोकाठ पाणी. गुरुजी गिरिधरकडे पाहत नव्हते. ते त्या पाण्यात पाहत होते.

"मळ्यातली पाण्याची मोटार जळली," गुरुजी संथपणे म्हणाले. "काटोलच्या वायंडिंगवाल्याकडे खेटे घालतो आहेस. बरोबर?"

"हाव जी! एकदम बरोबर!" गिरिधरचे हात आपोआप जोडले गेले.

"मोटारीत दोष नाही, बाळा. मळ्याची कंपनं बिघडली आहेत. संत्र्याच्या प्रत्येक झाडाला एक फ्रिक्वेन्सी असते. ती जुळवून घ्यावी लागेल." मग गुरुजींनी समोरच्या गर्दीवरून नजर फिरवली. "लोक म्हणतात, गुरुजी चमत्कार करतात. मुळीच नाही! इथं मूर्ती आहे का? नारळ आहे का? अंगारा आहे का? इथं फक्त विज्ञान आहे. पाणी म्हणजे विश्वाचं मेमरी कार्ड. जे घडलं ते सगळं त्यात साठवलेलं असतं. मी फक्त वाचतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दोरीच्या मागे, सोबत आलेल्यांसाठी राखलेल्या जागेत बसलेल्या नंदिनीला मात्र मेमरी कार्ड ऐकून हसू आवरेना. ती इंजिनिअरिंग कॉलेजात संगणकशास्त्र शिकवत होती. पाण्यात मेमरी कार्ड टाकलं तर काय होतं, हे तिच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक होतं.

हसू फार वेळ टिकलं नाही.

"माया," गुरुजींनी हाक मारली. "माया, ये लेक."

पुढच्या रांगेतून नंदिनीची मोठी बहीण उठली. ती पायरीशी गेली आणि दिवा लागला. गुरुजी कितीतरी वेळ पाण्यात पाहत राहिले.

"डाव्या बाजूला," ते हळूच म्हणाले. "छातीत. गाठ आहे. तुला कापायला बोलावलं आहे. हा बुधवार सोडून पुढचा दिसतो."

माया जागच्या जागी खाली बसली आणि पायरीवर डोकं टेकून हमसाहमशी रडू लागली. गुरुजी उठले, चार पावलं खाली आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "कापू नको, लेक. चाकूनं गाठ निघते, कंपन निघत नाही. इथं येत राहा. विरघळून जाईल."

नंदिनीच्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोला, आला. गाठीची गोष्ट फक्त तिघांना ठाऊक होती: माया, मायाचा नवरा विक्की आणि नंदिनी. ऑफिसात नाही, शेजारी नाही, सासरी नाही. मायानं तोंड घट्ट बंद ठेवलं होतं. मग ह्या दाढीवाल्याला कोण सांगून गेलं?

तिनं डोळे मिटले आणि उघडले तेव्हा तिची नजर पलीकडच्या खांबावर गेली. खांबावर छताजवळ काडेपेटीएवढी एक पांढरी डबी चिकटवलेली होती. पुढच्या खांबावर तशीच दुसरी. त्याच्या पुढे तिसरी. नंदिनीच्या प्रयोगशाळेत भिंतीभिंतीवर ह्याच डब्या लावलेल्या होत्या, आणि त्यातली प्रत्येक तिनं स्वतः स्टुलावर चढून चिकटवली होती.

अंगावरचा काटा तिथल्या तिथे गेला. त्याच्या जागी जो राग आला, तो तिला पुढचा सबंध आठवडा झोपू देणार नव्हता.

*

"मी ऑपरेशन रद्द करून राहिली," त्या दुपारी मायानं घरी येताच सांगून टाकलं. बाहेर उन्हाचा नुसता वणवा होता, आत कूलर घरघरत होता, आणि विक्की भाऊजी पन्ह्याचे पेले घेऊन असे उभे होते, जणू हा निर्णय त्यांना आधीच ठाऊक होता.

"ताई, डॉक्टर काय म्हणाले ते विसरली काय तू? गाठ लहान आहे. आत्ता काढली तर सुटशील. थांबली तर पसरन."

"डॉक्टरले मी सगळं सांगितलं तेव्हा त्याले कळलं. हा फोटो काढा, ते रक्त तपासा. गुरुजीले मी एक शब्द नाही सांगितला वं! कसं कळलं त्याईले? सांग ना, तू प्रोफेसर आहेस!"

"नंदिनी, ऑपरेशन टळून राहिलं तर वाईट काय त्याच्यात?" विक्की भाऊजी म्हणाले. माणूस वाईट नव्हता. घाबरला होता. त्याच्या आईला त्यानं ह्याच आजारात जाताना पाहिलं होतं, आणि घाबरलेल्या माणसाला कुणी गोड बोलून 'काही करू नकोस' सांगितलं की त्याला तो देवदूत वाटतो.

नंदिनी उसळली. "आपल्या घरात हे? धोंडबा आजोबानं छप्पन साली धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. त्याची नात आज एका बुवाच्या पायरीवर डोकं टेकून राहिली!"

"आजोबाले मधात आणू नको." मायाचा आवाज एकदम चढला. "आजोबानं देव सोडले. तिथं देव कुठं आहे? आरती आहे? गंडा आहे? तायत आहे? तसं काही असतं तर मी पाय नसता ठेवला तिथं. गुरुजी तर तुझ्याच भाषेत बोलतात. फ्रिक्वेन्सी, एनर्जी, विज्ञान. मग तुलेच काहून झोंबून राहिलं?"

इथंच खरी मेख होती. ह्या घरात कुणी लिंबू-मिरची घेऊन आलं असतं तर मायानंच त्याला जिन्यावरून खाली पिटाळलं असतं. शेंदूर फासलेल्या बुवाला ओळखायला ह्या घरातली लहान पोरंसुद्धा शिकलेली होती. प्रयोगशाळेचा कोट चढवून आलेल्या बुवाला ओळखायला मात्र कुणी शिकवलं नव्हतं. त्या बदमाशानं हे बरोबर हेरलं होतं. त्यानं देव काढून टाकला, नारळ काढून टाकला, आणि ज्या विज्ञानावर ह्या लोकांचा विश्वास होता, त्याचंच कातडं पांघरून तो बसला. नंदिनीला चीड आली ती ह्याची. तिची भाषा चोरून नेऊन तिच्याच बहिणीच्या गळ्याला लावली होती.

"तुझा मोबाईल दे," ती म्हणाली.

"कायले?"

"दे तर."

गुरुजींच्या दर्शनाचा नंबर लागायला 'स्पंदन' नावाचं ॲप मोबाईलमध्ये घ्यावंच लागायचं. मायाकडे ते महिनाभरापासून होतं. नंदिनीनं ॲपला काय काय परवानग्या दिल्या आहेत ते उघडून मायासमोर धरलं.

"हे पाह्य. तू कुठं जाते ते ह्याले कळते. रात्रंदिवस. आणि हे. तुले आलेले मेसेज हे वाचते."

"ते तर नंबर लावताना विचारलं होतं. ओटीपीसाठी पाहिजे म्हणे. मी हो म्हटलं. सगळेच म्हणतात."

"मग ह्याच्यात दवाखान्याचा मेसेज शोध बरं."

मायानं शोधला. सापडला. डाव्या स्तनाच्या सोनोग्राफीची वेळ. त्याच्याखाली दुसरा: बुधवारी सकाळी ऑपरेशनसाठी उपाशीपोटी भरती व्हावे.

माया क्षणभर त्या अक्षरांकडे पाहत राहिली. मग तिनं मोबाईल पालथा ठेवला. "मेसेज माझ्यापाशी आहे, म्हणून गुरुजीनं तोच वाचला असं कसं? माझ्या घरी गहू आहे म्हणून शेजारी चोर काय?"

"आणि दिवा आपोआप लागते तो?"

"तो मनातल्या स्पंदनानं लागते."

"तुझ्या गळ्यात ती झोळी होती ना? मोबाईल ठेवायची?"

ती मौन-झोळी. दारातल्या टेबलावर प्रत्येकाचा मोबाईल एका पांढऱ्या कापडी झोळीत घालून, तोंडाला नाडी आवळून, झोळी गळ्यात अडकवून देत. दर्शनात मोबाईल वाजू नये म्हणून. 'यंत्राला मौन, मनाला वाणी' असं झोळीवर छापलेलं होतं. लोकांना ह्या शिस्तीचं मोठं कौतुक.

नंदिनीनं समजावून सांगितलं. ती जे शिकत आणि शिकवत आली ते हेच होतं. माणूस खोलीत आला की ओळखून दिवा लावणारी, तो कुठं आहे, कशासाठी आला आहे हे ताडून वागणारी यंत्रं. अशा यंत्राला परिस्थितीची जाण आहे असं आपण म्हणतो, पण ही जाण म्हणजे नेमकं काय, हे गणितात काटेकोर मांडायचं तिचं काम होतं. "यंत्र चार प्रश्न विचारते, ताई. कोण, कुठं, कधी आणि कशासाठी. पहिल्या तिनाईचं उत्तर त्याले खुणेवरून मिळते. झोळीत एक बटणाएवढी चकती शिवली असन, दारातल्या टेबलावर तुझ्या नावानं चढवलेली. ती खांबावरच्या डबीले दिसली की यंत्र म्हणते, माया आली. दिवा लागला. चौथं उत्तर मेसेजवरून, तू कुठं कुठं जाते त्याच्यावरून. कॅन्सरच्या दवाखान्यात जाते म्हणजे आजारी आहे. वायंडिंगवाल्याकडे जाते म्हणजे मोटार जळली. बस, एवढंच."

"तुले सगळीकडे यंत्रच दिसते."

"कारण तिथं यंत्रच आहे! आणि यंत्राले माणूस माहीत नसते, ताई. त्याले माणसाची खूण माहीत असते. खूण एकीकडे आणि माणूस दुसरीकडे गेला की यंत्र छातीठोक खोटं बोलते. आपण खोटं बोलून राहिलो हे त्याले समजतसुद्धा नाही."

मायानं नंदिनीकडे सरळ पाहिलं. "गुरुजीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, नंदा. माझ्याकडे असं पाहिलं, जसं बाबा पाहत होते. त्या नजरेत यंत्र नव्हतं. लावते काय पैज? ह्या संडेले आपण झोळ्या बदलू. तुझी माझ्या गळ्यात, माझी तुझ्या. गुरुजी मले ओळखतीलच. ओळखलं, तर तू ऑपरेशनचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर बुधवारी मी दवाखान्यात."

नंदिनीनं पैज घेतली. वर्गातल्या फळ्यावर सिद्धता चुकली तर पुसता येते. इथं चुकली तर बहीण जाणार होती.

*

त्या आठवड्यात नंदिनीनं स्वतःच्या मोबाईलमध्ये ते ॲप घेतलं आणि विचारलं त्या सगळ्याला 'हो' म्हटलं. मग तिनं तिच्याच विभागातल्या गौरांगला सांगून स्वतःच्या मोबाईलवर एक मेसेज पाठवून घेतला. उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी शुक्रवारी भरती व्हावे. मेसेज बनावट. ती स्वतः रोज संध्याकाळी हाडांच्या दवाखान्याबाहेरच्या टपरीवर जाऊन तर्री पोहे खात बसली. तिचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. मायाचेही होते. सबंध नागपुरात हा दुखरा गुडघा फक्त त्या मोबाईलमध्ये होता.

रविवारी उमरेड रोडवरच्या त्या केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. दारातल्या टेबलावर दोघींना झोळ्या मिळाल्या. आत गर्दीत शिरताच दोघींनी त्या अदलाबदल केल्या. बहिणी जशा एकमेकींच्या पिशव्या धरतात, तसंच. कुणाचं लक्षही गेलं नाही. विक्की भाऊजी दोरीमागे जाऊन बसले.

मायाच्या शेजारी नेमका गिरिधर बसला होता. त्यानं ओळखीचं हसून मान हलवली. "आल्या काय ताई? बरं वाटून राहिलं ना आता?"

"हाव दादा," माया म्हणाली.

बऱ्याच वेळानं हाक आली. "माया. ये लेक."

नंदिनी उठली. ती पायरीशी गेली आणि दिवा लागला. गुरुजींनी पाण्यात पाहिलं आणि ते प्रसन्न हसले.

"मागच्या वेळी रडत होतीस. आज बघ, चेहऱ्यावर तेज आलं आहे. डाव्या बाजूची ती गाठ..." त्यांनी डोळे मिटून घेतले. "अर्धी विरली. स्पष्ट दिसतं आहे मला. बुधवारी तिकडे फिरकू नकोस." आणि गुरुजी उठले, चार पावलं खाली आले, आणि त्यांनी नंदिनीच्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात, तेवढाच वेळ, तेच हसू.

लोकांनी टाळ्या पिटल्या. नंदिनीनं मागे वळून मायाकडे पाहिलं. माया टाळ्या वाजवत नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. नंदिनीला वाटलं होतं की ह्या क्षणी आपल्याला जिंकल्याचा आनंद होईल. तो झाला नाही. त्या म्हाताऱ्याचा हात झटकून त्याच्या कानाखाली आवाज काढावा, एवढंच वाटलं.

मग थोड्या वेळानं दुसरी हाक. "नंदिनी. पहिल्यांदाच आलीस, बेटी. भिऊ नकोस, ये."

माया उठली. दिवा लागला. ती गुरुजींपासून दोन हातांवर उभी राहिली, चेहरा उघडा, पदर नीट, त्यांना स्वच्छ दिसेल अशी. गुरुजी पाण्यात पाहत होते.

"उजवा गुडघा," ते म्हणाले. "फार सोसलंस. शुक्रवारी कापायला बोलावलं आहे ना?"

"गुरुजी," माया म्हणाली. "वर पाहा. मले ओळखलं काय?"

"मी तर तुला जन्मोजन्मीचं ओळखतो."

"मागच्या संडेची गोष्ट करून राहिली मी. मागच्या संडेले मी इथं आली होती."

गुरुजींनी वर पाहिलं. मायाला वाटलं, आता ओळख पटेल. पण त्या नजरेत काहीच नव्हतं. ती नजर पुन्हा खाली पाण्यात गेली. "नाही बेटी. पाणी खोटं बोलत नाही. तू आज पहिल्यांदाच आली आहेस."

"ह्याच पायरीवर मी रडली होती! तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला होता!"

"मनाचे खेळ असतात, बेटी."

"मनाचे खेळ?" मधल्या रांगेतून आवाज आला. गिरिधर उभा राहिला होता. "असं कसं जी गुरुजी? ह्या ताई आल्या होत्या ना! माझ्या मागूनच ह्याईचा नंबर होता. बिचाऱ्या एवढ्या रडल्या की माझी बायको घरी जाऊन तेच सांगून राहिली होती. मले आठवते, अन् तुमच्या पाण्याले नाही आठवत?"

सगळ्या माना गिरिधरकडे वळल्या. ह्या माणसानं, नरखेडच्या साध्या बागायतदारानं, एकदा पाहिलेला रडका चेहरा लक्षात ठेवला होता. कारण त्यानं तो पाहिला होता.

"सेवक!" गुरुजी ओरडले. "बाईंची तब्येत बरी नाही. बाहेर घेऊन जा."

माया मागे हटली नाही. ती दोन पायऱ्या चढली आणि तिनं दोन्ही हातांनी परातीचा काठ धरून ती उलथवली. पाणी व्यासपीठभर झालं, गुरुजींचा झब्बा भिजला, आणि उलटी झालेली परात खणखणत पायऱ्यांवरून खाली आली. परातीचा मधला तळ पितळेचा नव्हताच. तिथं काच होती. आणि चौरंगात, जिथं परात ठेवलेली असायची, बरोबर तिथं एक पडदा लखलखत होता. पुढच्या रांगेतल्यांना त्यावरची अक्षरं वाचता आली. *नंदिनी. पहिली भेट. उजवा गुडघा. शुक्रवार.*

"हे आहे तुमचं विश्वाचं मेमरी कार्ड!" नंदिनी धावत वर आली. तिनं गळ्यातली झोळी काढली, शिवण दातानं उसवली आणि आतली बटणाएवढी चकती सगळ्यांना दिसेल अशी धरली. "ही झोळी माझ्या बहिणीची आहे. मी नंदिनी. ही माया. सकाळी आम्ही झोळ्या बदलल्या. गाठ तिच्या छातीत आहे, आणि हा माणूस मले सांगून राहिला की तुझी गाठ विरली! मले गाठच नाही! आणि गुडघा तर कोणाचाच दुखत नाही. तो मेसेज मीच मले पाठवला होता. तुमच्या झोळीत ही चकती आहे, खांबावर तिले ओळखणारी डबी आहे, दिव्यात बल्ब आहे. तुमचा मोबाईल तुम्ही कुठं गेले, तुम्हाले काय मेसेज आला, ते सगळं ह्या पडद्यावर पाठवून राहिला. हा माणूस वाचते, बस. ह्याले तुमच्यातला एकही माणूस माहीत नाही!"

"यंत्रातूनही शेवटी ऊर्जाच बोलते!" भिजलेल्या गुरुजींनी अजून पट्टी सोडली नव्हती. "माध्यम कोणतंही असो—"

"तर मंग माझ्या मोटारीची ऊर्जा जुळवायला पैसे कायले घेतले बे?" गिरिधर गरजला, आणि मग कुणी कुणाचं ऐकेना. एक सेवक परात उचलू लागला तेव्हा बायकांनी त्याला घेरलं. विक्की भाऊजी दोरी ओलांडून पुढे आले आणि पडद्याचा फोटो काढून घेतला. त्या फोटोवर आणि चकतीवर पुढे जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दाखल झाली.

सगळे शहाणे झाले असं मात्र समजू नका. बाहेर पडताना एक म्हातारी नंदिनीला म्हणाली, "तुमचं काहीबी असो, पोरी. माझा दिवा खरंच लागला होता." नंदिनीनं काय काय सांगितलं! बल्ब, चकती, डबी. म्हातारी ऐकून घेत होती आणि हसत होती. नंदिनीचा इतका संताप झाला की तिला रडू कोसळलं. तो संताप म्हातारीवर नव्हता. जिच्या आयुष्यात कुणी तिच्यासाठी दिवा लावला नाही, तिच्या त्या एवढ्याशा भुकेवर ज्यानं दुकान थाटलं, त्याच्यावर होता.

गाडीत माया एकच वाक्य बोलली. "त्यानं माझं तोंडच पाह्यलं नव्हतं वं, नंदा."

*

बुधवारी सकाळी माया दवाखान्याच्या हिरव्या कपड्यांत खाटेवर बसली होती. नंदिनी आणि विक्की भाऊजी बाजूला उभे होते. सिस्टर आली. तिच्या हातात मायाचे सगळे कागद होते. मायाच्या मनगटावर नावाची पट्टीही बांधलेली होती.

"नाव सांगा," सिस्टर म्हणाली.

"माया."

"पूर्ण नाव?"

मायानं सांगितलं.

"ऑपरेशन कशाचं आहे? कोणत्या बाजूला?"

मायानं नंदिनीकडे पाहिलं. मग म्हणाली, "डावी बाजू. छातीतली गाठ."

थोड्या वेळानं भूल देणारे डॉक्टर आले. त्यांनीही तेच विचारलं. मग सर्जन बाई आल्या. खुर्ची ओढून मायाच्या समोर बसल्या, तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि पुन्हा तेच. "तुमचं नाव काय, ताई? कोणत्या बाजूला? मला बोट ठेवून दाखवा." मायानं दाखवलं. बाईंनी खिशातून पेन काढून तिथं कातडीवर बाण काढला.

"डॉक्टर, तुमच्या कागदावर तर सगळं लिहिलेलं आहे," मायानं विचारलं. "मनगटावर पट्टी आहे. मग दरवेळी काहून विचारून राहिले?"

"कागद चुकू शकतो. पट्टी दुसऱ्याच्या हाताला बांधली जाऊ शकते," बाई म्हणाल्या. "तुम्ही समोर आहात. तुम्हाला विचारल्याशिवाय मी हात कसा लावू?"

नंदिनीनं जन्मभर फळ्यावर जे सिद्ध करून दाखवलं होतं, ते ह्या बाईनं एका वाक्यात सांगितलं. खूण म्हणजे माणूस नव्हे. ज्याला हे समजतं तो विचारतो, तपासतो, पुन्हा विचारतो. ज्याला तुम्हाला लुटायचं असतं तो विचारत नाही, तो सांगतो, आणि आपण त्यालाच ज्ञानी समजून पाया पडतो!

ढकलगाडी निघाली तेव्हा मायानं नंदिनीचा हात धरला. "त्याले न विचारता सगळं ठाऊक होतं, नंदा. ह्याईले सगळं ठाऊक असून हे विचारून राहिले." ती थोडी हसली. "मी येते."

दार बंद झालं. नंदिनी बाकावर बसली आणि तिनं मोबाईल काढून त्यातली एकेक नको ती परवानगी बंद करायला घेतली. शेजारी विक्की भाऊजी डोळे पुसत तेच करत होते.

वाचकहो, तुमचा मोबाईल आत्ता हाताशीच असेल. कुणी न सांगता तुमची गुपितं ओळखली तर हात जोडू नका. आधी विचारा, हे तुला कळलं कसं? देवाचं नाव घेणाऱ्याला विचारा, आणि विज्ञानाचं नाव घेणाऱ्याला तर दुप्पट जोरानं विचारा. जो खरा असेल तो रागावणार नाही. तो खुर्ची ओढून समोर बसेल आणि तुम्हालाच विचारेल, तुमचं नाव काय?